गार पाण्याचा हिशेब

उष्णता बाहेर पडली तरच क्रिया आपोआप होते, असे बारावीची बरीच मुले धरून चालतात. कल्हईचा नवसागर हे खोटे ठरवतो. पाण्यात टाकून ढवळा. आच न लावता विरघळतो आणि पेला गार पडतो.

असे का? अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्ज यांनी 1870च्या दशकात हिशेब दिला: शोषलेल्या उष्णतेतून केल्विन तापमान आणि वाढलेली एन्ट्रॉपी, म्हणजे कणांची विखुरण, यांचा गुणाकार वजा करा. उरतो तो मुक्त ऊर्जेतला बदल. 25 अंश सेल्सिअसला, प्रमाणित स्थितीत, 53.5 ग्रॅम नवसागरामागे 14.7 वजा 22.4, म्हणजे उणे 7.7 किलोज्यूल. उत्तर उणे, म्हणून क्रिया आपोआप. वेग मात्र यातून कळत नाही.

प्रयोगानंतर पाणी ओतून द्या, पिऊ नका.