आलिशान मोटार आणि इंधनबचतीचा आभास

परभणी जिल्ह्यातील माणसाला इंधनबचतीचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील साठवण केंद्रातून तीनशे किलोमीटरच्या घरात अंतर कापून टँकरने येथे पेट्रोल येते आणि त्या वाहतुकीचा भार लिटरच्या दरावर पडतो. राज्यातील सर्वांत महाग पेट्रोल परभणीत, अशी वार्ता गेल्या काही वर्षांत वारंवार छापून आली. 2022 च्या एप्रिलमध्ये येथील दर लिटरला 123 रुपयांवर गेला होता. अशा जिल्ह्यात एखादी मोटार एका लिटरमध्ये 61.9 किलोमीटर धावते असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याने कान टवकारावेत हे स्वाभाविकच होय.

हा आकडा कोणा चिमुकल्या मोटारीचा नाही. 2022 च्या डिसेंबरात भारतीय बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यू एक्सएम या 2 कोटी 60 लाख रुपये किमतीच्या, अडीच टनांहून जड गाडीचा तो जाहीर आकडा आहे. मोटारसायकलीच्या तोडीचा हा हिशेब कसा जुळतो, आणि जुळत नसेल तर त्याची किंमत कोण मोजतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

आकड्याचा जन्म

ही गाडी ‘प्लग-इन हायब्रिड’ या वर्गातली. तिला पेट्रोलचे इंजिन असते आणि घरच्या विजेवर भारित करता येणारी मोठी बॅटरीही असते. बॅटरीत वीज आहे तोवर गाडी पेट्रोलचा थेंबही न जाळता धावू शकते. ती संपली की इंजिन सारा भार उचलते. प्रयोगशाळेतील चाचणीची सुरुवात भरलेल्या बॅटरीने होते. मालक ती नियमितपणे भारित करील आणि बरेचसे अंतर विजेवरच कापील असे गृहीत धरून दोन्ही अवस्थांची सरासरी काढली जाते. वापरलेल्या विजेचा हिशेब मात्र ‘लिटरमागे किलोमीटर’ या मापात येत नाही. आकडा खोटा नसतो. ज्या गृहीतावर तो उभा आहे ते गृहीत फार उदार असते.

या उदारतेचे माप युरोपात घेतले गेले आहे. तेथे 2021 पासून नव्या मोटारींत प्रत्यक्ष इंधनखर्च नोंदविणारी यंत्रणा बसविणे बंधनकारक झाले. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने मार्च 2024 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. साध्या पेट्रोल व डिझेल मोटारींचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याहून सुमारे 20 टक्क्यांनी अधिक आढळले. प्लग-इन हायब्रिड मोटारींचे मात्र ते सरासरी साडेतीनपट निघाले. त्याआधी 2022 मध्ये झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, खासगी मालकांच्या अशा मोटारी निम्म्याहून थोडे कमी अंतर विजेवर धावतात आणि कंपन्यांनी पुरविलेल्या मोटारी अवघे 11 ते 15 टक्के, असे दिसले होते. कारण सोपे आहे. पेट्रोलचे बिल ज्याला स्वतः भरावे लागत नाही, त्याला रात्री गाडीला वीज जोडण्याची आठवण राहत नाही.

परभणीच्या रस्त्यावर

हेच गणित परभणीहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्या प्रवासाला लावून पाहू. अंतर 400 किलोमीटर धरू. जाहीर आकड्याप्रमाणे साडेसहा लिटर पेट्रोल पुरावे. लिटरचा दर 107 रुपये धरला, तर खर्च 700 रुपयांच्या आत. प्रत्यक्षात भरलेली बॅटरी फार तर 60 किलोमीटर नेईल. उरलेले 340 किलोमीटर पेट्रोलवर कापावे लागतील. अमेरिकेतील सरकारी मोजमापाप्रमाणे वीज संपल्यावर ही गाडी लिटरला सुमारे 6 किलोमीटर धावते. म्हणजे 57 लिटर पेट्रोल आणि 6,000 रुपयांहून अधिक खर्च. विजेचे साडेतीनशे रुपये वेगळे. सातशेचे सहा हजार झाले!

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. हीच गाडी शहरात रोज 40 किलोमीटर फिरली आणि रोज रात्री भारित झाली, तर पेट्रोल जवळजवळ लागणार नाही आणि किलोमीटरमागचा खर्च 18 रुपयांवरून सहाच्या आसपास येईल. यंत्रात दोष नाही. गुण प्रकट होणे वा न होणे सर्वस्वी मालकाच्या सवयीवर अवलंबून आहे, आणि ती सवय आपल्याकडे कोणी मोजत नाही.

खरा खर्च आणि त्याचे वाटेकरी

वस्तुतः एवढ्या किमतीच्या वाहनात इंधन हा गौण खर्च असतो. 2 कोटी 60 लाखांवर 8 टक्के दराने व्याज धरले, तर ते दिवसाला 5,700 रुपये होते. आयकराच्या नियमांनुसार व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो. तो पहिल्या पूर्ण वर्षी 39 लाख होतो. 30 टक्के दराने कर भरणाऱ्या भागीदारी संस्थेचा त्यामुळे 11 लाख 70 हजार रुपयांचा कर त्या वर्षी वाचतो. व्याज आणि पेट्रोल हेही व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होतात. मोटार आलिशान असली तरी तिच्या खर्चात सरकारी तिजोरी मूक भागीदार असते.

आता जिंतूर किंवा गंगाखेडच्या शाळेत मोटारसायकलीने जाऊन-येऊन 80 किलोमीटर प्रवास करणारा शिक्षक घ्या. लिटरला 50 किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस धरले, तरी पेट्रोलचे 4,280 रुपये होतात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुणाच्या मिळकतीतून हा घास फार मोठा आहे. त्याला सर्व पगारदारांना सरसकट मिळते तेवढीच प्रमाणित वजावट; प्रत्यक्ष पेट्रोलखर्च दाखवून कर कमी करण्याची सोय त्याला नाही. इंधनाची खरी काटकसर करतो तो, आणि काटकसरीबद्दल बक्षिसाची भाषा होते ती मात्र दुसऱ्यासाठी.

मराठवाड्याला ही विसंगती नवी नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजकांनी एकदम 150 मर्सिडीज मोटारी, सुमारे 65 कोटी रुपयांच्या, खरेदी केल्या. त्यासाठी भारतीय स्टेट बँकेने 40 कोटींहून अधिक कर्ज दिले. व्याजाचा दर 7 टक्के असल्याचे तेथील बँक कर्मचाऱ्यांच्या नेत्याने तेव्हा सांगितले होते. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला त्या काळात याहून कितीतरी चढ्या दराने कर्ज फेडावे लागत होते. त्या मोटारी हायब्रिड नव्हत्या. पण सवलत कोणाकडे वाहते हे त्या प्रसंगाने स्पष्ट केले.

सवलतीचे माप

करांच्या बाबतीत शासनाचे धोरण हेलकावे खात आले आहे. मोठ्या हायब्रिड मोटारींवर वस्तू व सेवा कर उपकरासह 43 टक्के होता, तर मोठ्या पेट्रोल एसयूव्हीवर 50 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवर 40 टक्के झाला. ट्रॅक्टरवरील कर त्याच दिवशी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह. उत्तर प्रदेशाने 2024 मध्ये प्लग-इन हायब्रिडना नोंदणीच्या करातून सूट दिली. महाराष्ट्राने मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरील विजेच्या मोटारींवर 6 टक्के कर प्रस्तावित केला आणि त्याच महिन्यात तो मागे घेण्याची घोषणाही केली. विजेच्या मोटारीची गोष्ट निराळी, ती पेट्रोल जाळतच नाही. प्लग-इन हायब्रिड मात्र जाळू शकते, आणि किती जाळते हे प्रयोगशाळेचा दाखला सांगत नाही.

म्हणून यापुढे अशा वाहनाला सवलत द्यायची असेल, तर ती जाहिरातीतील आकड्यावर देऊ नये. गाडीतच इंधनखर्चाची नोंद राहते. वर्षअखेर ती सादर करावी, विजेवर कापलेल्या अंतराच्या प्रमाणात सूट मिळावी आणि नोंद नसेल तर सूट नाही, असा सरळ नियम करता येईल. तसेच एका विशिष्ट किमतीपलीकडील मोटारीवर व्यवसायाचा घसारा मिळू नये, हा विचारही व्हायला हवा.

त्यातून वाचणाऱ्या पैशाला मराठवाड्यात काम भरपूर आहे. 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली विजेवरील ‘शिवाई’ धावली. परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड या मार्गांवर अशा गाड्या वेळेवर आणि पुरेशा संख्येने धावू लागल्या, तर शेकडो मोटारसायकली घरी राहतील आणि वाचलेल्या प्रत्येक लिटरचा लाभ थेट पगाराच्या पाकिटात दिसेल. आपल्या पैशाने आलिशान मोटार घेण्याचे स्वातंत्र्य ज्याचे त्याला आहे. तिच्या काटकसरीचे कौतुक मात्र इतरांच्या कराच्या पैशाने होता कामा नये.