तिसऱ्या महिन्यातला पेशंट

ऑक्टोबर जवळ आला की मानसिक आरोग्यावरच्या व्याख्यानांची निमंत्रणं येऊ लागतात. दहा तारखेला जागतिक दिन असतो, गावातला एखादा हॉल मिळतो, आणि व्यासपीठावरून आपल्यापैकीच कुणीतरी सांगतं की मानसिक आजार हा मधुमेहासारखाच आजार आहे. औषधं घ्या, व्यायाम करा, माणसांत मिसळा. चूक त्यात काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मधुमेहाचा पेशंट खोकल्यासाठी जरी आला, तरी शेवटची शुगर कधी केली हे आपण विचारतोच. स्किझोफ्रेनियाचा पेशंट खोकल्यासाठी आला, तर खोकल्याचं औषध देतो आणि बाकीचं सायकियाट्रिस्टवर सोडतो. सायकियाट्रिस्टची पुढची तारीख असते दीड महिन्यावर. कधी ती तारीख उलटून वर्ष झालेलं असतं आणि ते आपल्याला माहीतही नसतं.

२०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्सने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. (त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.) निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांविना राहिलेल्यांचं प्रमाण त्यात ७० ते ९२ टक्के निघालं. हा आकडा भाषणांत हमखास येतो, आणि लोक डॉक्टरकडे जातच नाहीत, असा त्याचा अर्थ लावला जातो. तोही खरा आहे. मात्र जे एकदा जाऊन येतात त्यांचं पुढे काय होतं, हे जनरल प्रॅक्टिसमध्ये बसलेल्या माणसाला जास्त जवळून दिसतं. मला दिसतं ते असं, की उपचार सुटतात ते बहुतेकदा तिसऱ्या महिन्याच्या आगेमागे, पेशंट बरा दिसू लागल्यावर.

त्याचं कारण समजायला अवघड नाही. नैराश्यासाठी एसएसआरआय गटातली गोळी सुरू झाली की पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, कधी उलट जास्तच बेचैनी. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे. हे आधी सांगितलेलं नसेल तर चौथ्या दिवशी स्ट्रिप कपाटात जाते. हा टप्पा ओलांडणारा पेशंट दोनेक महिन्यांत झोपायला, जेवायला, कामावर जायला लागतो. मग घरात कुणीतरी म्हणतं, ‘आता बरा आहेस ना? मग कशाला ती डोक्याची औषधं?’ कोपऱ्यावरचा केमिस्ट भर घालतो, ‘फार दिवस घेऊ नका, सवय लागते.’ पहिल्या वेळच्या नैराश्यात बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते, स्किझोफ्रेनियात पहिल्या झटक्यानंतर किमान एक-दोन वर्षं. सायकियाट्रिस्टने ते एकदा सांगितलेलं असतं. केमिस्ट आणि घरचे रोज सांगत असतात.

आणि जिची खरोखर सवय लागते ती अल्प्राझोलाम मात्र बिनबोभाट चालू राहते. दोन-चार आठवड्यांपुरती लिहिलेली गोळी त्याच चुरगळलेल्या कागदावर वर्षानुवर्षं मिळते, तिच्या वरच्या ओळीतली एसएसआरआय कधीच बंद झालेली असते. दोन्ही गोळ्या एकाखाली एक लिहिलेल्या. कुठली कशासाठी, कुठली किती दिवस, हे सांगायला दीड मिनिट लागतं. ते दीड मिनिट ओपीडीच्या गर्दीत आपल्याला सापडत नाही, हे मला मान्य आहे. इंजेक्शन भरायला मात्र सापडतं.

लिथियमची गोष्ट जरा तपशिलात सांगायला हवी, कारण तिथे आपला संबंध थेट येतो. जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. आजही बायपोलर आजारात मूड स्थिर ठेवायला आणि आत्महत्येचा धोका कमी करायला त्याच्या तोडीची औषधं फार नाहीत. पण उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं. आता मे महिना डोळ्यांसमोर आणा, यवतमाळ किंवा परभणीकडचा. पन्नाशीचा शेतकरी गुडघे धरून येतो, रक्तदाबही वाढलेला निघतो. आपण डायक्लोफेनॅक देतो, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची जोडगोळी सुरू करतो, मीठ कमी करायला सांगतो. सगळं पुस्तकात बसणारं. आणि यातली प्रत्येक गोष्ट रक्तातलं लिथियम वाढवणारी. वर उन्हातान्हात गळणारा घाम. आठवड्याभरात हात थरथरतात, जुलाब लागतात, चालताना तोल जातो, बोलणं जड येतं. घरचे म्हणतात, डोकं परत फिरलं. आपण जुलाबाची गोळी देतो. लिथियमची पातळी तपासायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण लिथियम चालू आहे हेच विचारलेलं नसतं, आणि पेशंटही ‘दुसऱ्या डॉक्टरांची गोळी’ आपणहून सांगत नाही.

पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी काढायची; बहुतेक पेशंटमध्ये लिटरला ०.६ ते ०.८ मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास ठेवतात. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि टीएसएच. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल. हे तपशील प्रत्येकाने कधी ना कधी वाचलेले आहेत. जे पुस्तकात नाही ते आपल्या गावचं आहे: हरतालिकेचा निर्जळी उपवास, रमजानचे रोजे, आषाढीची पायी वारी. वारीला निघालेल्या माणसाला ‘जाऊ नका’ म्हटल्याने तो थांबत नाही, फक्त पुढच्या वेळी सांगत नाही. त्यापेक्षा पाणी किती प्यायचं, गोळ्या पावसात भिजू नयेत म्हणून कशात बांधायच्या, जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवशी लिथियम थांबवून कुणाला फोन करायचा, हे दिंडी निघायच्या आठवडाभर आधी एका कागदावर लिहून द्यावं.

चांगल्या सवयींचा सल्ला आपण फार स्वस्तात वाटतो. ज्या माणसाला सकाळी दात घासायला उठणं जड जातं, त्याला ‘रोज पाऊण तास चाला, सकारात्मक राहा’ असं सांगून आपण नापास होण्यासाठी आणखी एक विषय देतो. गोव्यात संगथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेलं काम इथे आठवतं. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या समुपदेशकांनी मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या पेशंटना सहा ते आठ भेटींत उपचार दिले. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांचा फायदा जास्त दिसला, आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केलं. तंत्र साधं होतं: मन बरं व्हायची वाट बघायची नाही, कृती आधी सुरू करायची, आणि ती अगदी लहान ठेवायची. आपल्या कागदावर ते असं उतरतं: ‘उद्या साडेसातला दूध आणायला तुम्ही जायचं, मुलाने नाही. गुरुवारपासून येताना पारावर दहा मिनिटं बसायचं.’ गोळ्यांच्या खाली, गोळ्यांच्याच अक्षरात लिहायचं. पुढच्या भेटीत दुधाचं विचारायचं.

झोपेचंही तसंच. बायपोलरच्या पेशंटची झोप मोडली की उन्माद उसळू शकतो. ‘वेळेवर झोपा’ हे सांगून भागत नाही. गणपतीची मिरवणूक, नवरात्रातलं जागरण, घरातलं लग्न आणि एमआयडीसीतली फिरती पाळी यांचं काय करायचं ते बोलावं लागतं. रात्रपाळी टाळण्यासाठी लेटरहेडवर दोन ओळी लिहून देणं आपल्या हातात आहे, आणि त्यात आजाराचं नाव घालायची गरज नसते.

टेबलाच्या खणात एक टेपही ठेवा. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा आहे. म्हणजे आपल्याच खात्यातला. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन चालू असेल तर सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची शुगर, लिपिड. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की बोलायला लागायचं. क्लोझापिनवाल्याला बद्धकोष्ठतेबद्दल न लाजता विचारायचं. ती जिवावर बेतू शकते. बिडी सोडायला जरूर लावा, पण सायकियाट्रिस्टला कळवून: धुरामुळे या दोन औषधांची पातळी खाली राहिलेली असते, आणि बिडी एकदम सुटली की ती वर चढते. मिश्री आणि तंबाखूला हे लागू नाही. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे.

लग्न हा विषय आपल्या पाठ्यपुस्तकांत नसतो आणि दवाखान्यात रोज असतो. ‘लग्न करून दिलं की सुधारेल ना?’ हा मुलाच्या आईचा प्रश्न, आणि ‘तिकडे सांगायची गरज नाही ना, डॉक्टर?’ हा मुलीच्या वडिलांचा. पहिल्याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. दुसऱ्यात माझं मत ठाम आहे: सांगा. लपवलेली गोळी सासरी मसाल्याच्या डब्यांमागे जाते, चार दिवस चुकते, मग बंदच होते, आणि आजार कधी तर थेट बाळंतपणानंतर उसळतो. मुलगी व्हॅल्प्रोएटवर असेल तर प्रश्न आणखी गंभीर. गर्भावर त्या औषधाचे परिणाम, मणक्याच्या आणि मेंदूच्या जन्मजात दोषांसह, पक्के माहीत आहेत. दिवस गेल्यावर बदलू म्हणण्यात उशीर झालेला असतो. सुपारी फुटल्याचे पेढे घेऊन वडील दवाखान्यात येतात, तेव्हाच चिठ्ठी लिहून तिला सायकियाट्रिस्टकडे पाठवायचं. मुलीशी एकटीशी बोलायचं, वडिलांना बाहेर बसवून.

समाजाचा आधार म्हणजे काय, हे बघायचं असेल तर पेशंटच्या नातेवाइकांच्या गटाच्या एखाद्या बैठकीला मागच्या खुर्चीवर बसून यावं. तिथे कुणी ताणतणावावर प्रवचन देत नाही. एक बाई विचारते, मुलगा चार दिवस आंघोळ करत नाही, काय करू? दुसरी सांगते, मी आंघोळीचं बोलणंच सोडलं, त्याचा आवडता शर्ट धुऊन बाथरूमच्या दाराला टांगते. कुठलीही डिग्री असलेल्या माणसाला हे सुचलं नसतं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली ती अशाच गरजेतून. कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणात जे अनुभवलं, त्यातून ते या कामाकडे वळले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ मधला सिनेमाही त्यांच्याच प्रयत्नांशी जोडलेला आहे. आजही घरच्यांना आजार समजावून सांगताना मी माहितीपत्रकाआधी त्या सिनेमाचं नाव सांगतो.

अर्थात आधाराचे आकडे फुगवून सांगायचं कारण नाही. गोवा, सातारा आणि तमिळनाडू इथे स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना घरपोच सामाजिक मदत देऊन बघण्यात आली. आरोग्यसेवक घरी जात, औषधं, तब्येत, काम यांवर बोलत, गटांशी जोडून देत. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. फायदा झाला, पण माफक. अमरावती जिल्ह्यात तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने वेगळी गोष्ट दाखवली: नैराश्य असलेल्यांपैकी कुठल्याही मदतीपर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. दोन्ही कामं गावातल्या माणसांनी केलेली. सगळं बदलत नाही, पण दार उघडतं. आत आल्यावर धरून ठेवणं हे पुन्हा औषधाचं, दुधाच्या फेरीचं आणि फोनचं काम. या तीन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत टाकल्या की प्रत्येक खात्याला वाटतं, दुसरं बघेल.

आत्महत्येचे विचार येतात का, हे विचारल्याने ते येत नाहीत; विचारा. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय तेही विचारा आणि ते घराबाहेर, कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायला लावा. इस्पितळातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक. टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक केसपेपरच्या पाठीवर छापून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू २०१८ पासून. त्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं आहे, हे पोलिसांच्या भीतीने गप्प राहणाऱ्या घरच्यांना सांगा. त्याच कायद्याच्या २१ व्या कलमानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे; बिल हातात आल्यावर नव्हे, भरतीच्या आधी हे माहीत हवं.

एक सूचना आणि एक विनंती. सूचना अशी, की कंपाउंडरकडे एक साधी वही द्यावी: मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक पेशंटचं नाव, औषध, सुरू केल्याची तारीख, आणि आठव्या दिवशी, सहाव्या आठवड्यात व तिसऱ्या महिन्यात एकेक फोन. वही खणात राहील, काउंटरवर पडणार नाही, एवढी काळजी घ्यायची. विनंती अशी, की आपल्या तालुक्यात नातेवाइकांचा किंवा पेशंटचा गट भरत असेल, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी ठरलेल्या वारी लागत असेल, तर ठिकाण, वार आणि वेळ कळवा. पुढच्या अंकापासून जिल्हावार यादी छापायची आहे. पाठवण्याआधी एकदा स्वतः फोन करून खात्री करा. गट दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला असेल आणि पेशंट एसटीने जाऊन कुलूप बघून परत आला, तर त्याला पुन्हा पाठवणं आपल्याला जमत नाही.