दोन मिनिटांचं काम

मंडळी, "पायथन टाकणं म्हणजे दोन मिनिटांचं काम" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. आमचा भाचा म्हणतो, शेजारचा इंजिनिअर म्हणतो, सुट्टीत मराठी माध्यमाच्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवणारी तरुण मंडळीही म्हणतात. ज्याने शंभरदा केलंय त्याला दोन मिनिटं. पहिल्यांदा बसणाऱ्याची दोन संध्याकाळ जाते, आणि ठपका कुणावर? पोराच्या इंग्रजीवर!

इंग्रजीचा इथे काडीचा संबंध नाही. विंडोजवर पायथनचा नेहमीचा इन्स्टॉलर उघडला की 'इन्स्टॉल नाऊ' ठळक दिसतं. खाली तळाशी एक चिमुकला चौकोन असतो, पायथनला 'पाथ'मध्ये घालू का असं विचारणारा. तो रिकामा असतो. तसंच पुढे गेलात तरी सगळं यथासांग पार पडतं, यशस्वी झाल्याचा निरोपही येतो. मग काळ्या खिडकीत 'पायथन' टाइप करा, तर उत्तर येतं की सापडत नाही.

पाथ म्हणजे काय? शाळेच्या शिपायाला "कुलकर्णीला बोलाव" म्हटलं आणि हातात वर्गांची यादी दिली. यादीतल्या वर्गांत तो क्रमाने डोकावणार, यादीबाहेरच्या वर्गात नाही. कुलकर्णी शाळेतच आहे, पण शिपाई सांगतो, आला नाही. फर्डं इंग्रजी येणाऱ्या मुलालाही हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. त्यात विंडोज 10 च्या मे 2019 च्या अपडेटपासून यादीत आणखी एक गंमत आली. खरा पायथन सापडला नाही तर तुम्हाला मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे धाडतात. शिपाई मुलगा आणायच्या ऐवजी फाटकाबाहेरच्या दुकानाचा पत्ता देतो, तसं.

चौकोन रिकामा ठेवण्यामागे कारण आहे, ते मान्य. ज्यांच्याकडे तीन-तीन आवृत्त्या असतात त्यांच्या यादीत ढवळाढवळ नको. पण तीन आवृत्त्या बाळगणाऱ्याला खूण काढता येते हो! नवख्याला मात्र ती करायची असते हेच ठाऊक नसतं. सोय जाणत्याची बघायची आणि खापर नवख्यावर फोडायचं, हा कुठला न्याय?

बरं, 2012 च्या 3.3 आवृत्तीपासून 'पीवाय' नावाचा छोटा हुजऱ्या सोबत येतो. चौकोन राहून गेला तरी नुसतं 'पीवाय' टाइप केलं की सहसा काम होतं. हे शिकवणारे सांगतात का? ते आधी "हॅलो वर्ल्ड" लिहून दाखवतात.

"ऑनलाइन चालवा की" असंही म्हणतात. चालवा. पण नेट गेलं की वर्ग बंद, आणि आपल्याच संगणकात आपली फाइल कुठे ठेवली जाते हे पोराला कधी कळायचंच नाही.

पहिला तास अख्खा याच कामाला द्या, अशी माझी मागणी आहे. चौकोन दाखवा, पाथ समजवा. विंडोजवर 3.14 आवृत्तीपर्यंत तरी, फाइल उघडताना 'यूटीएफ-8' सांगितलं नाही तर मराठी मजकूर लिहिताना बहुधा त्रुटी येते, तेही तेव्हाच सांगा. नाहीतर पोराला वाटतं, संगणकाला मराठी चालत नाही. चालतं! पायथन 3 मध्ये चलाचं नावसुद्धा देवनागरीत देता येतं. 'वय = 12' लिहा, चालून जातं. किती वर्गांत हे फळ्यावर लिहून दाखवलं असेल?