पूजा गायीची, उपास वासराचा

वसुबारसेला घरोघरच्या सुवासिनी सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालतात, वासराला कुंकू लावतात आणि त्या दिवशी गायीचे दूध, दही, तूप वर्ज्य करतात. 30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ ही पदवी दिली. इतकी भक्ती ज्या मुलखात आहे, त्या मुलखात गायीचे पोर तरी सुखात असेल, अशी कोणाही परक्याची समजूत होईल. त्याने एखाद्या गोठ्यात वेत झाल्यानंतरचा पहिला आठवडा काढावा.

जन्मल्यावर दोन-चार दिवस वासरू बरे दिसते. मग ते सड धरीनासे होते. मान ताठते, डोके पाठीकडे ओढले जाते. कधी ते भिंतीला कपाळ टेकून उभे राहते, कधी नुसत्या स्पर्शाने दचकते. डोळा धुरकटतो आणि बुबुळापुढच्या पाण्यात तळाशी पांढरट-पिवळा थर बसतो. बेंबी पिकलेली असते, गुडघे सुजतात. शेवटी वासरू आडवे पडते आणि झटके येऊन जाते. गोठ्यातली माणसे म्हणतात, डोळ्यात फूल पडले. कोणी म्हणते, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात.

ही दृष्ट नव्हे. हे जंतू आहेत, आणि बहुतेक वेळा ते शेणामुतात नेहमी सापडणारे ई. कोलाय. ओल्या नाळेतून किंवा तोंडावाटे ते शरीरात शिरतात, रक्तात वाढतात आणि रक्ताबरोबर सांध्यांत, डोळ्यांत, मेंदूच्या आवरणात जाऊन बसतात. तिथे पू धरला की मोठमोठ्या इंजेक्शनांनीही बहुतेक वासरे हाती लागत नाहीत, कारण बरीचशी औषधे रक्तातून मेंदूपर्यंत पुरेशी पोचतच नाहीत. वाचलेच एखादे, तर ते आंधळे किंवा अधू होण्याची भीती राहते.

पण जंतू तर प्रत्येक गोठ्यात असतात. मग एक वासरू मरते आणि दुसरे बागडते, ते का? माणसाच्या मुलाला रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये आईच्या पोटातच मिळू लागतात. गायीची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. वासरू जगात येते ते जवळजवळ निःशस्त्र, आणि त्याची सगळी शस्त्रे आईच्या चिकात असतात. ती जशीच्या तशी रक्तात घेण्याची ताकद त्याच्या आतड्यात असते खरी, पण थोडाच वेळ. पहिल्या 6 तासांत ती सर्वाधिक असते, मग झपाट्याने घटते आणि 24 तासांत दार जवळपास बंद होते. उद्या पाजलेला चीक पोट भरील, संरक्षण फारसे देणार नाही. म्हणून 30 किलोच्या वासराला जन्मल्याबरोबर, पहिल्या काही तासांत, सुमारे 3 लिटर चीक मिळालाच पाहिजे.

आणि नेमक्या याच तासांत आपण काय करतो? वार पडेपर्यंत वासराला तोंड लावू द्यायचे नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक. वार पडायला 8 ते 12 तास सहज लागतात. म्हणजे ज्या वेळात जीव वाचायचा तोच आपण खुंट्याला बांधून घालवतो. वास्तविक वासरू लुचू लागले की गायीचे गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते. चिकाने वासराला हगवण लागते, ही दुसरी समजूत. हगवण लागते ती बहुधा घाणीने आणि चीक न मिळाल्याने. नाळेची तऱ्हा तीच. हाताला लागेल त्या विळ्याने ती कापायची, नाहीतर तशीच शेणात लोळू द्यायची. स्वच्छ दोरा आणि टिंक्चर आयोडीनची बाटली यांची किंमत दुभत्या जनावराच्या एका दिवसाच्या पेंडीहूनही कमी.

अज्ञान म्हणून याला एक वेळ क्षमा करता येईल. पण क्षमेला जागा न उरणारा एक प्रकार आहे, तो हिशेबाचा. वासरू कालवड निघाली तर कसेबसे पाजले जाते. संकरित गायीला गोऱ्हा झाला किंवा म्हशीला टोणगा झाला, की मालकाची नजर बदलते. तो औताला उपयोगाचा नाही, विकत घ्यायला कोणी नाही, आणि रोज दोन-तीन लिटर दूध पिणार. मग त्याला कोणी मारीत नाही. फक्त सडाशी सोडीत नाही. पुढचे काम जंतू करतात. 2019च्या पशुगणनेत देशात गोवंशातल्या माद्या सुमारे साडेचौदा कोटी भरल्या आणि नर पावणेपाच कोटींच्याही आत. आधीच्या गणनेपेक्षा माद्या वाढल्या, नर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटले. औताची जागा ट्रॅक्टरने घेतली, हे त्याचे कारण आहेच. पण निसर्ग नर आणि मादी जवळपास सारख्याच संख्येने जन्माला घालतो. मग उरलेले गेले कुठे, हा प्रश्न कोणत्याही गोपूजनात विचारला जात नाही.

बैल आणि गोऱ्ह्याच्या कत्तलीला बंदी घालणारी दुरुस्ती महाराष्ट्रात 2015 साली लागू झाली. सुरी थांबली, उपासमार थांबली नाही. जनावराला पुरेसे अन्नपाणी न देणे हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हाच आहे. रात्री-बेरात्री रस्त्यावर गाड्या अडवणाऱ्या गोरक्षक तरुणांना माझा एकच प्रश्न आहे: या दुसऱ्या कायद्यासाठी तुम्ही किती गोठ्यांत गेलात? की जनावर दुसऱ्याच्या हातून मेले तरच ती हत्या, आणि आपल्या दाव्याला मेले तर ते नशीब?

शेतकऱ्याला एकट्याला पिंजऱ्यात उभे करून शहराने हात झटकू नयेत. दुधाचा भाव पडला की शेतकरी रस्त्यावर दूध ओततो, तेव्हा शहर त्याला नासाडीबद्दल नावे ठेवते. पण लिटरमागे दोन रुपये वाढले की तेच शहर कुरकुरते. दूध स्वस्त हवे, गाय पवित्र हवी आणि गोऱ्ह्याचा खर्च मात्र दुसऱ्याने सोसावा, असा हा व्यवहार आहे. शेवटी तो खर्च वासरू भरते. या व्यवहारात चिकाचा, वेलची-केशर घातलेला खरवसही आलाच. खरवस खाऊच नये, असे मी म्हणत नाही. चांगल्या दुभत्या गायीला वासराचे पोट भरून उरेल इतका चीक येतो. मात्र जो उरला तोच माणसाचा. पहिली धार बादलीत आणि वासरू खुंट्याला, असे असेल तर ती वडी चोरीची आहे.

आपल्याला बदलता येत नाही असेही नाही. बाळंतिणीचे पहिले चीकदूध पिळून टाकायची रीत आपल्याकडे होतीच. गावोगावच्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्य खात्याच्या ‘आशा’ सेविकांनी, दारोदार जाऊन सांगितले, जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी घ्या. आणि आयाबायांनी ऐकले. ज्या घराने ते ऐकले, त्याच घराच्या गोठ्यात मात्र वारेची वाट पाहिली जाते.

करायचे ते फार नाही. गायीला रेतन केले त्याच दिवशी वेताची तारीख कळते; सुमारे 280 दिवस. दूध संघांनी त्या तारखेआधी प्रत्येक सभासदाच्या घरी आयोडीनची बाटली आणि दोरा पोचवावा. सरकारी दवाखान्याने मेलेल्या वासरांची नोंद नर आणि मादी अशी वेगळी ठेवावी, आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. गोशाळांना देणग्या देणाऱ्यांनी भाकड गायीबरोबर गोऱ्ह्याच्या पहिल्या तीन महिन्यांच्या दुधाचाही भार उचलावा. आणि भागवतसप्ताहात गोमहिमा सांगणाऱ्या महाराजांनी पाच मिनिटे चिकाविषयी बोलावे.

ज्या गोठ्यातले वासरू पहिल्या 6 तासांत पोटभर चीक पीत नाही, त्या गोठ्याच्या मालकाला गोभक्त म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. आणि त्याच्याकडून स्वस्त दूध मागणाऱ्या आपल्यालाही नाही.