इंग्रजीचा 'वेअर' आणि मराठीचा 'तर'



'आय' बरोबर 'वॉज' येते असे शिकवायचे आणि पुस्तकात मात्र 'इफ आय वेअर यू' छापलेले, हे कसे? हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. बहुतेक मुले ते वाक्य पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. इंग्रजीत याला सब्जंक्टिव्ह मूड म्हणतात. घडलेले नव्हे, तर मनातली कल्पना, इच्छा किंवा आग्रह सांगणारे हे रूप आहे.

अशा वेळी आम्ही मुलांना उलट विचारतो, "'उद्या पाऊस पडला तर' यात 'पडला' हे रूप कोणत्या काळाचे?" रूप भूतकाळाचे, गोष्ट मात्र उद्याची! 'वेअर'चेही तसेच आहे. फरक एवढाच, की पाऊस खरोखर पडू शकतो. मी 'तू' होऊ शकत नाही. अशा अशक्य गोष्टीसाठी मराठीत 'मी तुझ्या जागी असतो तर' म्हणतात, इंग्रजीत 'वेअर' वापरतात. बोलताना 'इफ आय वॉज' कानांवर पडते. लिहिताना 'वेअर'च लिहावे.

दुसरी जागा आग्रहाची. 'ही इन्सिस्ट्स दॅट द बॉय कम्स डेली' म्हणजे मुलगा रोज येतो, असे ते ठासून सांगतात. 'द बॉय कम डेली' म्हणजे मुलाने रोज यावे, असा त्यांचा आग्रह आहे. एका 'एस'ने अर्थ पालटतो. ज्याला 'येतो' आणि 'यावे' यांतला फरक कळतो, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. मराठी व्याकरणातले स्वार्थ आणि विध्यर्थ ते हेच. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. ही गाठ आम्हालाही 'वह आता है' आणि 'वह आए' यांवरूनच सुटली.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची पद्धत त्यांच्यासमोर होती. इंग्रजीच्या आधाराने मराठी समजून घेता आली. मग मराठीच्या आधाराने इंग्रजी का नाही?

काही पालक सुचवतात, मराठीचा तास कमी करून इंग्रजीला द्यावा. त्यांची काळजी खरी आहे. पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या इंग्रजीवर अडतात. परंतु हैदराबादेत मुलांच्या कानांवर दिवसभर तेलुगू, हिंदी, उर्दू पडते. 'यावे', 'करावे', 'असतो तर' हे घरी आणि या एका तासाला. तो तास काढला, तर इंग्रजीची शिडीच काढल्यासारखे होईल.

म्हणून मराठीचा तास राहावा, दोन्ही भाषांच्या शिक्षकांनी हा धडा मिळून शिकवावा आणि पालकांनी घरी मराठीतच बोलावे, अशी आमची विनंती आहे. या वाक्यातली क्रियापदे कोणत्या अर्थाची, ते मुलांनी सांगावे!