रजिस्टर घरोघर पाठवायचं बंद केलं तेव्हा

चौथीतला एक पोरगा माझा फार विश्वासू होता. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचं रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी त्याच्या हातात द्यायची आणि सांगायची, "या सहा घरी जा, अम्मीला इथे सही करायला सांग, आणि पाऊस आला तर पिशवी उघडू नकोस." अर्ध्या तासात तो सहा सह्या घेऊन परत यायचा. सभेला प्रत्यक्षात असायचे चार-पाच पुरुष, मुख्याध्यापक आणि चहा झाल्यावर इतिवृत्त लिहिणारी मी. रजिस्टरमध्ये मात्र सभा भरगच्च व्हायची. केंद्रप्रमुख तपासायला आले की सगळं जागच्या जागी.

हे मी एकदा-दोनदा नाही, काही वर्षं केलं. वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर नाही. बिचाऱ्यांना कुठे घरातून बाहेर काढायचं, आपणच त्यांचा त्रास वाचवतोय, असंच मला वाटायचं.

एका दिवशी तो पोरगा पाच सह्या घेऊन आला. सहावीचा रकाना कोरा. "टीचर, अम्मी पूछ रई, इसमें लिखा क्या है?" मी घाईत होते. म्हटलं, "शाळेचं आहे, सांग तिला." तो गेला आणि पुन्हा तसाच परत आला. "अम्मी बोल रई, पढ के सुनाओ, फिर करती."

पाचवीपर्यंत शिकलेली बाई. तिला उर्दू वाचता येतं, इतिवृत्त मराठीत होतं. मी दोन्ही भाषा शिकवते, त्यासाठीच मला पगार मिळतो, आणि इतक्या वर्षांत त्या सहा जणींना आपण कशावर सही करतोय हे त्यांच्या भाषेत एकदाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र वाईट वाटलं.

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. पंचवीस टक्के प्रवेशामुळे तो सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं 21 वं कलम मात्र फारसं कोणी बोलत नाही. शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, असं ते सांगतं. शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा, आलेल्या अनुदानाचा खर्च नीट होतो की नाही हे पाहणं, ही या समितीची कामं. अनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत 2012 च्या दुरुस्तीनंतर समितीचं काम फक्त सल्ल्यापुरतं राहिलं. पण जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या उर्दू शाळांना हे कलम पूर्ण लागू आहे, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात मोहल्ल्यातली बहुतेक पोरं याच शाळांत येतात.

आमच्या मोहल्ल्यात निर्णय जिथे होतात त्या जागा मोजून पाहा. मशिदीची कमिटी, कब्रस्तानची कमिटी, लग्नाच्या जमातखान्याची कमिटी. एकीतही बाई नाही, आणि असावी असा विषयही निघत नाही. नगरपालिकेत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत खऱ्या, पण निवडून आलेल्या बाईचा फोन तिचा नवराच उचलतो. म्हणजे उरली शाळेची समिती. साध्या आईला, ती कोणाची बायको किंवा कोणत्या पक्षाची न पाहता, कायद्याने हक्काची खुर्ची दिलेली आमच्या मोहल्ल्यातली ही एकमेव जागा. आणि ती खुर्ची मी पिशवीत घालून घरोघर फिरवत होते.

आता "बायकांना रसच नसतो" या वाक्याबद्दल. हे मी मुख्याध्यापकांकडून ऐकलंय, सभेला येणाऱ्या पुरुषांकडून ऐकलंय, आणि शिक्षक खोलीत स्वतःही बोललेय. यातला खोटेपणा मला कळायला हवा होता, कारण कोणत्या आईला किती रस आहे ते माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती पहिलीपासून मिळत होती तेव्हा वर्षाला हजार रुपयांसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलच्या रांगेत कोण उभं होतं? बँकेत पोराचं खातं उघडायला, आधारवरचं चुकलेलं नाव दुरुस्त करायला कोण जात होतं? बाप कामावर असतो, रोज बुडवता येत नाही. कडेवर लहानगं घेऊन अम्मीच जाते. 2022 मध्ये केंद्र सरकारने पहिली ते आठवीची ती शिष्यवृत्ती बंद केली, फक्त नववी-दहावीला ठेवली. तेव्हा शाळेच्या फाटकावर येऊन मला विचारणाऱ्या सगळ्या आया होत्या. समितीतल्या एकाही पुरुष सदस्याने सभेत तो विषय काढला नाही.

मोहल्ल्यात मयत झाली तर त्या घरी तीन दिवस जेवण पोचवणं, बाळंतिणीच्या मोठ्या पोरांना आपल्या घरी झोपवणं, भिशीचा हिशेब वही न ठेवता तोंडपाठ सांभाळणं, हे सगळं याच बायका करतात. समाजकार्य हा शब्द त्याला कोणी लावत नाही एवढंच. आईच्या पायाखाली जन्नत आहे हे आमच्याकडे प्रत्येक जलशात मंचावरून सांगितलं जातं. सांगणारे मंचावर, ऐकणाऱ्या आया पडद्यामागे. मीही काही कमी नाही. दर जानेवारीत सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांच्यावर भाषण करते. सावित्रीबाईंच्या 1856 च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, तो सांगताना माझा आवाजही भरून येतो. मग खाली उतरून त्याच आठवड्यात पोराच्या हाती रजिस्टर देत होते.

त्या कोऱ्या रकान्यानंतर मी एकच केलं. सहा जणींच्या घरी गेले आणि विचारलं की सभेला का येत नाही. पुरुषांत बसायचा संकोच, सासूची परवानगी वगैरे ऐकायला मिळेल अशी माझी तयारी होती. एकीच्या बाबतीत ते होतंही. बाकी पाच जणींचं उत्तर एकच, सभेची वेळ. आमची सभा सकाळी अकराला. आमच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं आणि ते सकाळीच. अकरा म्हणजे स्वयंपाक, धुणं. एक फॉल-पिकोचं काम करते, तिचं गिऱ्हाईक त्याच वेळी येतं. जोहरनंतर, असरच्या आधी ठेवा, आम्ही येतो, म्हणाल्या. इतकी वर्षं ज्याला आपण अनास्था म्हणत होतो ती चार तासांची चूक होती.

सभा तीनला ठेवली. पुरुष कुरकुरले, त्यातले दोघे आलेच नाहीत. सहापैकी चार जणी आल्या. पहिल्या सभेत त्या काही बोलल्या नाहीत हेही सांगायला हवं. बुरख्याची टोकं बोटाला गुंडाळत बसून राहिल्या. दुसऱ्या सभेत मी आदल्या महिन्याचं इतिवृत्त आधी उर्दूत वाचून दाखवलं. त्यात फाटकाला रंग आणि 26 जानेवारीची सजावट होती. वाचून झाल्यावर एक जण हळूच म्हणाली, "टीचर, लड़कियों के संडास को कड़ी नहीं है." माझ्याच वर्गातल्या पोरी सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. का, तर प्यायल्या की जावं लागतं, आणि गेलं की दार धरायला मैत्रीण न्यावी लागते. ही गोष्ट मला, एका बाईला, वर्गशिक्षिकेला, ठाऊक नव्हती. घरी आल्या आल्या पोरी संडासकडे धावतात हे आईलाच दिसणार ना!

समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान पटावर ठरतं. आमचा पट शंभराच्या वर, म्हणजे 50 हजारांच्या गटात, आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. तो आम्ही फिनेल, झाडू आणि बादल्यांवर दाखवत होतो. दोन दारांच्या कड्या आणि त्या बसवणाऱ्या सुताराची मजुरी यांना त्यात कितीशी जागा लागणार होती?

मग निघाला खिचडीचा विषय. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ असं प्रमाण आहे, ते मी वाचून दाखवलं. फॉल-पिकोवाल्या अम्मीने क्षणभर वर पाहिलं आणि म्हणाली, "सव्वाशे पोरं धरली तर अडीच किलो डाळ झाली. मग खिचडी इतकी पांढरी कशी?" मी अजून कॅल्क्युलेटर शोधत होते. त्या चौघी थेट स्वयंपाकखोलीत गेल्या. चोरी वगैरे काही नव्हती. काटा बंद पडलेला होता आणि खिचडी करणारी मावशी वाटीने अंदाजे घेत होती, कमी पडू नये म्हणून हात आखडता ठेवत होती. तुटपुंज्या मानधनावर एवढ्या पोरांचं शिजवणारी बाई ती. पुरुषांची समिती असती तर तिला नोटीस गेली असती, असं मला वाटतं. यांनी तिच्याजवळ बसून डाळ मोजून एका डब्यावर खिळ्याने रेघ मारली. काटा दुरुस्त होईपर्यंत तो डबाच माप झाला.

हे सगळं गोडगोड चाललंय असं समजू नका. एकीच्या नवऱ्याने तिचं येणं बंद केलं, कारण सभेत ती त्याच्या चुलतभावाच्या विरोधात बोलली. मी समजावायला गेले तर मला दारातूनच सलाम मिळाला. दुसरी स्वतःहून सुटली, तिला चौथं मूल होणार होतं. आणि शिक्षकांवरचा भारही वाढतो, विशेषतः बायकांवरचा. सभा लांबली की मी मगरिबच्या तोंडावर घरी पोचते.

त्याच एका संध्याकाळी माझा मुलगा, दहावीत आहे, जेवताना म्हणाला, "तू सगळ्यांच्या अम्मींना शाळेत बोलावतेस. माझ्या शाळेत कधी आलीस?" मी म्हटलं, मी नोकरी करते. तो म्हणाला, "त्यांना पण काम असतंच की." मग मला त्याची प्रगतिपत्रकं आठवली. कुकरच्या शिट्ट्यांत, ओट्यावर, ओल्या हाताने केलेल्या सह्या. आत काय लिहिलंय ते नंतर बघू म्हणत कधीच न बघितलेली. सातवीपासून त्याच्या विज्ञानाच्या शिक्षकांना मी भेटलेली नाही. बी.एड.ला पालक-सहभागावर मला चांगले गुण होते.

रजिस्टर आता कपाटातच असतं. इतिवृत्त मी दोन्ही भाषांत लिहिते, डावीकडे मराठी, उजवीकडे उर्दू. ज्या अम्मीने पहिल्यांदा सही नाकारली होती ती आता मराठी बाजूवर बोट ठेवून वाचायचा प्रयत्न करते. तहसीलमध्ये अर्ज लिहून देणाऱ्याला दर वेळी पन्नास रुपये का द्यायचे, हा तिचा सवाल आहे. गेल्या सभेत तिने "इतिवृत्त" हा शब्द तीनदा वाचला, चौथ्यांदा बरोबर वाचला आणि विचारलं, एवढ्या छोट्या गोष्टीला एवढा अवघड शब्द कशाला?

पुढची सभा येत्या गुरुवारी तीनला. त्याच दिवशी सकाळी अकराला मुलाच्या शाळेत दहावीची पालकसभा आहे. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज मी काल दिला.