शब्दाची तारीफ



इंग्रजीतील अवघड शब्द तुम्ही कसे पाठ करता? बहुतेक जण वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एका शब्दात त्याचा अर्थ. रोज दहा शब्द घोकायचे. परीक्षेपर्यंत ते टिकतात. पुढे निम्मे विसरतात आणि उरलेले भलत्याच जागी वापरले जातात. माझे मत असे आहे की, शब्दाला नुसता शब्द जोडून भागत नाही. त्याची व्याख्या समजून घ्यावी लागते.

व्याख्येला उर्दूत 'तारीफ' म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. मराठी माणूस मात्र तारीफ म्हणजे स्तुती, एवढेच समजतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे ओळख करून देणे. तोच शब्द युरोपात गेला आणि जकातीचे दर कळवणारा तक्ता या अर्थाने इंग्रजीत 'टॅरिफ' झाला. इंग्रजी शब्दकोशातही तुमच्या घरचे पाहुणे बसलेले आहेत, ते असे!

आता एक गाव घेऊ. इंदापूर तालुक्यातील पळसदेव. भीमा नदीवरील उजनी धरणाचे काम १९८० साली पूर्ण झाले. त्या धरणाच्या पाण्यात जुने पळसदेव गेले. नवे गाव पुणे-सोलापूर रस्त्यालगत वसले. या गावाविषयी इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या, तर किती शब्द लागतील, पाहा.

पहिला शब्द 'बॅकवॉटर'. बांधाने अडल्यामुळे मागे तुंबलेले पाणी, ही त्याची एक व्याख्या. कोशात दुसरीही आहे : जगाच्या धावपळीतून बाजूला पडलेली, मागासलेली जागा. एखाद्या गावाला कोणी 'बॅकवॉटर' म्हटले, तर तो पाण्याविषयी बोलतो आहे की गावाला कमी लेखतो आहे, हे दोन्ही व्याख्या माहीत असणाऱ्यालाच कळेल.

दुसरा शब्द 'रिहॅबिलिटेशन'. तुम्ही वहीत 'पुनर्वसन' लिहाल आणि पुढे जाल. पण जरा थांबा. मराठीत पुनर्वसन म्हणजे पुन्हा वसवणे. उर्दूतही आपण पुन्हा आबाद करणे असेच म्हणतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मात्र 'सक्षम' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पुन्हा सक्षम करणे, स्वतःच्या पायांवर उभे करणे, असा त्याचा रोख आहे. धरणग्रस्ताला राहायला जागा मिळाली, पण कसायला जमीन मिळाली नाही, तर तो पुन्हा वसला असे म्हणता येईल. सक्षम झाला असे म्हणता येईल का? ज्याचे घर आणि शेत गेले, त्याच्या अर्जात हा फरक किरकोळ नसतो. तुमच्यापैकी काही जण पुढे वकील होतील, काही कचेरीत बसतील. तेव्हा असे कागद तुमच्यासमोर येतील.

हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात. त्यांना 'मायग्रेटरी' म्हणतात, कारण ते ऋतूप्रमाणे येतात आणि परत जातात. हिजरत करणारा माणूस परत येईलच असे नाही. पळसदेवकरांना तर परत जायला जुने गावच उरले नाही. म्हणून त्यांना 'मायग्रेटरी' म्हणणे चूक ठरेल.

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुठे आहे? मग दहाऐवजी दोनच शब्द घ्या. कोशातील व्याख्या वाचा, ती मिटवून आपल्या शब्दांत लिहा, उर्दूत लिहिली तरी चालेल. नंतर आपल्या गावावर एक वाक्य करा. कोश चांगला हवा. मराठीसाठी मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यात शब्द अरबी की फारसी, हे एका अक्षराने दाखवलेले असते. तो चाळताना तुम्हांला परके वाटणार नाही.

जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ पाण्यात 'सबमर्ज' झाले आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्याचे शिखर वर येते, 'इमर्ज' होते. दोन्ही शब्दांत बुडणे या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे. (उर्दूतील आजाराच्या 'मर्ज'शी त्याचा संबंध नाही, बरे का!) 'इमर्जन्सी' हा शब्दही याच घरातला. त्याची व्याख्या काय असेल? कोश उघडण्यापूर्वी ती स्वतः लिहून पाहा.